घरचंच तर काम

"घरात कधी आजारी माणसाची काळजी घेतली आहेस का?" मी भाचीला विचारलं. ती माझ्यासमोर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, ओढणी खांद्याला पिन लावून घट्ट केलेली. नर्सिंगच्या मुलाखतीच्या सरावापुरती मी तिची आत्या नव्हते, मॅडम होते, असं आमचं आधीच ठरलं होतं. तिनं पंख्याकडं बघत थोडा विचार केला आणि म्हणाली, "नो मॅडम." पुढचा प्रश्न विचारायचा सोडून मी तिच्याकडं बघतच राहिले. माझी माय, म्हणजे तिची आजी, लकवा मारल्यापासून जाईपर्यंत बाजेवर पडून होती. तिचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं या पोरीनं केलं होतं. बारावीचा अभ्यासही त्याच बाजेच्या पायथ्याशी बसून केला होता. "अगं, आणि आजीचं काय?" मी विचारलं, तर तिलाच नवल वाटलं. "आत्या, ते तर घरचंच काम होतं की. ते काय मुलाखतीत सांगायचं असतंय व्हय?"

रात्री भाकरी थापताना, भांडी घासताना ते "नो मॅडम" काही मनातून जाईना. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही आणि लाजून तिनं ते लपवलं असंही नव्हतं. तिला खरोखरच वाटत होतं की आपण काही केलेलं नाही.

मी लातूरला राहते. आमच्या भागात जून आला की घरोघरी वरच्या खोल्या नीटच्या पोरांनी भरतात. पहाटेपासून सायकली, पाठीवर दप्तरं, मेसच्या डब्यांची ने-आण. निकाल लागला की याच गल्लीत एक उतरंड ऐकू येते. एमबीबीएस नाही लागलं तर बीडीएस, नाही तर बीएएमएस, तेही नाही तर बीएचएमएस, आणि मग कुणीतरी आवाज खाली करून म्हणतं, "नर्सिंगचं तरी बघा." त्या "तरी"वर माझं आयुष्य गेलं आहे, म्हणून तो मला फार जवळून माहीत आहे. माझी भाची मात्र त्या उतरंडीवरून घरंगळत आलेली नाही. केज तालुक्यातल्या आमच्या गावातून ती सरळ नर्सिंगलाच यायचं म्हणून आली. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, बारावी आणि इंग्रजी विषय लागतो, तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, हे तिनं मला न विचारता शोधून काढलं होतं. सरकारी जागा गुणवत्ता यादीवर भरतात, तिथं थोडक्यात हुकलं. एका संस्थेच्या नर्सिंग स्कूलमध्ये मुलाखत घेऊन प्रवेश होता. भावाचा फोन आला, "आक्का, तुझ्याकडं पाठवायलोय. तूच तयारी करून घे." ती एसटीनं अंबाजोगाईमार्गे आली. सोबत एक पिशवी, तीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल. टीसी, मार्कमेमो, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर. या एका फाइलसाठी भावानं तहसील आणि सेतू केंद्राच्या किती चकरा मारल्या असतील ते त्यालाच ठाऊक.

मोबाइलमध्ये तिनं मुलाखतीच्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ उतरवून घेतली होती. उत्तरं सगळी इंग्रजीत आणि सगळी पाठ. नर्स का व्हायचं आहे, तर मला मानवतेची सेवा करायची आहे. तुझी बलस्थानं कोणती, तर मी दयाळू आहे, सहनशील आहे, हसतमुख आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल कोण, तर रात्री दिवा घेऊन सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई. ती हे एका दमात म्हणायची, पाढे म्हटल्यासारखं, आणि संपलं की श्वास सोडायची. मी तिला सांगितलं की त्या बाईंच्या हातात दिवा होता हे खरं, पण वहीसुद्धा होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांनी कमी आणि घाणीतून पसरलेल्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. मरणांचं कारण महिन्यावार रंगांत काढलेले त्यांचे तक्ते आजही संख्याशास्त्र शिकवताना दाखवतात. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेनं पहिली स्त्री सदस्य म्हणून त्यांना घेतलं. भाची म्हणाली, "हे पीडीएफमध्ये कुठंच नाही." खरंच नाही. दिवा आहे, हसू आहे, दया आहे. मोजणं, बघणं, लिहून ठेवणं आणि त्यावरून काही ठरवणं, हे त्या उत्तरांमध्ये औषधालाही नाही.

आणि तिनं तर नेमकं तेच केलं होतं.

मायला लकवा उजव्या बाजूला मारला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मला सुट्टी होती तेवढे दिवस मी गावी राहिले, मग ड्यूटीवर परतले, आणि नंतर साप्ताहिक सुट्टी जोडून जमेल तशी जात राहिले. निघताना भाचीला घाईघाईत चार गोष्टी दाखवल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खांद्याचं हाड या जागा रोज उजेडात बघायच्या. कातडी लाल दिसली तर बोट दाबून सोडायचं. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही, लालच राहिली तर आतलं मांस दबलं आहे, तिथं त्या माणसाला पुन्हा टेकू द्यायचं नाही. एवढंच. बाकी सगळं तिनं स्वतः शोधलं. शेजारच्या बायका येऊन सांगायच्या की लाल जागेवर खोबरेल चोळ, जोर लावून चोळ. ही चोळायची नाही. मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं. तिनं एकदा चोळून बघितलं होतं, दुसऱ्या दिवशी तिथली कातडी सोललेली दिसली, तेव्हापासून तिनं कुणालाच हात लावू दिला नाही. टाचेखाली तिनं जुन्या लुगड्याचं चुंबळीसारखं कडं करून ठेवलं होतं. ते मी काढायला लावलं, कारण कड्याच्या काठावर दाब येतो आणि मधल्या जागेचं रक्त अडतं. पोटरीखाली उशी घेतली की टाच आपोआप अधांतरी राहते. पुढच्या वेळी मी गेले तर तिनं वाकळ दुमडून, वर प्लास्टिक आणि त्यावर सुती धडपा घालून नेमक्या उंचीची उशी शिवून ठेवली होती.

मायला पाणी पाजलं की ठसका लागायचा. मोठ्या दवाखान्यांत याच्या वेगळ्या तपासण्या असतात, गिळण्याचे व्यायाम शिकवणारी माणसं असतात. आमच्या गावात ही पोरगी होती. तिच्या लक्षात आलं की पातळ पाणी आजीच्या घशात सरकन् उतरतं आणि ठसका येतो, पण ज्वारीची घट्टसर आंबील नीट उतरते. मग तिनं सगळंच दाट करायला सुरुवात केली. आजीला भिंतीला टेकवून बसवायची, हनुवटी थोडी छातीकडं करायची, अर्धा चमचा डाव्या गालाच्या बाजूनं घालायची, गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवल्यावर अर्धा तास झोपू द्यायची नाही. तो अर्धा तास ती जीवशास्त्राचं पुस्तक आजीला मोठ्यानं वाचून दाखवायची. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. पेशीविभाजन ऐकत बसलेली माझी माय आणि मधूनच तिच्या ओठांच्या कोपऱ्यातली आंबील टिपणारी ही.

रात्रीचं कूस बदलणं सगळ्यात अवघड. त्यासाठी तिनं मोटारीची वेळ धरली. शेतीला थ्री फेजची लाइट रात्रपाळीची असली की भाऊ मोटार चालू करायला उठायचा, त्याच्या दाराच्या कडीच्या आवाजानं ही उठायची. लाइट दिवसा असलेल्या आठवड्यात मोबाइलचा गजर. आणि हे सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. प्रॅक्टिकलच्या वहीची मागची पानं, रेघा मारून रकाने पाडलेले. वेळ, मग डा, उ किंवा पा, म्हणजे डावी, उजवी, पाठ. पुढं लघवी किती वेळा, रंग कसा, खाल्लं काय, ठसका लागला का. एका पानावर लघवीच्या रकान्यात "गडद, कमी, वास" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारलेल्या. त्याच दिवशी तिचा मला फोन आला होता, म्हणून लघवीचा संसर्ग वेळेत कळला आणि अँटिबायोटिक चालू झालं. वॉर्डात आम्ही जो चार्ट भरतो तो यापेक्षा फार वेगळा नसतो. तो तिला कुणी शिकवला नव्हता.

ही वही मी पहिल्यांदा माय गेल्यानंतर पाहिली. चौदाव्याच्या गडबडीत दप्तर आवरताना ती हाती आली आणि मी ओसरीवर बसून शेवटचं पान वाचलं. मायला एकही झोपजखम, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाली नव्हती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या आयांच्या पाठी तपासल्या, त्यांच्या टाचा उचलून बघितल्या, नातेवाइकांना समजावून सांगितलं. माझ्या मायचं शेवटचं पान मात्र माझ्या अक्षरात नाही. मला या पोरीचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी तिचा हेवाही वाटला. तो हेवा अजून पूर्ण गेलेला नाही. तिच्या मुलाखतीची तयारी मी इतक्या जिद्दीनं करून घेत होते, त्यात हेही कुठंतरी असणार.

माझी स्वतःची मुलाखत मला पुरती आठवते. सरकारी नर्सिंग स्कूल, लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, लाकडी बाकावर बसलेल्या पोरी आणि त्यांचे बाप. माझा बाप सोबत आला होता, डोक्याला फेटा, बाकावर न बसता भिंतीला टेकून उभा. आत मेट्रन होत्या, वयानं मोठ्या, केरळच्या, मराठी थोडं तुटक पण स्पष्ट. त्यांनी विचारलं, नर्सिंगला का यायचं? मी म्हटलं, "विद्यावेतन मिळतं. होस्टेल आहे. घरी लग्नाचं बघायलेत." शेजारी बसलेले एक साहेब हसले. मेट्रन हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, रक्त बघून चक्कर येते का? मी म्हटलं, शेळीचं बाळंतपण मी केलंय. मग त्यांनी ते कसं केलं हे शेवटपर्यंत विचारून घेतलं, हात कशानं धुतले, वार पडायला किती वेळ लागला, पडली नसती तर काय केलं असतंस. आज विचार करते तेव्हा वाटतं, माझी निवड त्या प्रश्नांनी झाली. पैशाचं कारण त्यांना खटकलं नाही, कारण त्या स्वतः घरापासून इतक्या लांब कशासाठी आल्या होत्या हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून भाचीला मी पहिल्यांदा हे सांगितलं की पगारासाठी यायचं आहे असं म्हणायला लाजू नको. ती दचकली. "असं म्हटल्यावर घेतील का?" ज्या कामाला अक्कल लागते, अंगमेहनत लागते, रात्रीची झोप मोडावी लागते, त्या कामाचे पैसे मागणं हे वाईट दिसतं, असं आपल्या पोरींना कुठून वाटतं? सोयाबीनला भाव मागताना तिच्या बापाला असं वाटत नाही. मला वाटतं, ती ज्याला "घरचंच काम" म्हणाली तिथंच हे मूळ आहे. बायका घरात हे फुकट करतात, म्हणून ते सगळ्यांना येतंच असं धरलं जातं. मग तेच काम दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांत केलं तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांत ते घरकामच राहतं. नातेवाईक डॉक्टरांना हात जोडतात आणि सिस्टरला म्हणतात, "ओ बाई, सलाइन संपलंय." सलाइनचा वेग कुणी मोजला, किती थेंबांवर ठेवला, हाताला सूज आली म्हणून सुई कुणी वेळेत काढली, हे त्यांना दिसलेलंच नसतं.

गावाकडं याच्या जोडीला आणखी एक भीती असते. भावानंच फोनवर चाचरत विचारलं, "रात्रीची ड्यूटी असती म्हणं. पुढं सोयरीक जमंल ना?" मी त्याला रागावले नाही. शंभर वर्षांपूर्वी पुण्यातसुद्धा लोक हेच विचारत होते. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या तरुण विधवांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला धाडलं, तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली होती. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. त्याच्याही आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या, आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. भावाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मायला रात्री कोण वळवत होतं? तेव्हा तुला रात्रपाळीचं वाईट वाटलं का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "फी किती म्हणालीस?"

एका संध्याकाळी मी तिला अरुणा शानभाग यांच्याबद्दल सांगितलं. तिनं नाव ऐकलं नव्हतं. केईएममधली परिचारिका, १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात हल्ला झाला, आणि त्यानंतर २०१५ पर्यंत, मरेपर्यंत, तिथल्याच खोलीत परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. न्यायालयात इच्छामरणाचा खटला चालला, २०११ ला निकाल लागला, त्या निकालात या परिचारिकांचं कौतुक आहे. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही तिच्या अंगावर झोपजखम नव्हती. इच्छामरणाच्या बाजूनं आणि विरुद्ध लोक खूप बोलले, पुढंही बोलतील, माझंही मत एका जागी टिकत नाही. पण त्या जखम नसलेल्या पाठीवर मी पुन्हा पुन्हा येते. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग हिशेब करत म्हणाली, "आत्या, दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला बारा वेळा. किती झाले गं सगळे मिळून?"

तिथून पुढं आमची तयारी बदलली. पीडीएफ बाजूला ठेवली. मी प्रश्न विचारायचे आणि ती आधी मराठीत, तिच्या बोलीत, जसं येईल तसं सांगायची. मग त्यातलं किती इंग्रजीत म्हणता येतं ते बघायचो. "बेडसोर" तिला आता कळत होतं, "टर्निंग" कळत होतं, "इनटेक-आउटपुट" म्हणजे आपल्या वहीतले शेवटचे रकाने हे कळल्यावर ती स्वतःशीच हसली. ओआरएसचं एक पाकीट किती पाण्यात, तर एक लिटर, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. बीसीजी कधी, तर जन्मल्यावर लगेच, डाव्या दंडावर. उपकेंद्र साधारण पाच हजार लोकसंख्येला एक. हे पाठ करावंच लागतं, ते तिनं केलं. वही सोबत घेऊन जा, विचारलं तर दाखव, असं मी सुचवलं होतं. त्याला ती तयार झाली नाही. "ती आजीची हाय," म्हणाली. मी आग्रह धरला नाही, पण मला अजूनही वाटतं की न्यायला हवी होती.

मुलाखत पाच-सात मिनिटांत आटोपली. समोर तिघं होते. बारावीचे गुण, गाव कुठलं, वडील काय करतात, होस्टेलवर राहशील का. एका मॅडमनी विचारलं, नर्सिंगच का? तिनं सांगितलं की घरी लकव्याचा पेशंट सांभाळला आहे, ते काम मला येतं, अजून नीट शिकायचं आहे आणि त्यावर स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे. मराठीत सांगितलं. त्यावर मॅडमनी विचारलं की पेशंटला भरवताना काय काळजी घेतली, आणि हिनं आंबिलीपासून सुरुवात केली. बाकीच्या दोघांतले एकजण घड्याळ बघत होते म्हणे. यादी अजून लागलेली नाही. चांगलं झालं की वाईट, हे तिला सांगता येत नाही आणि मलाही येत नाही.

तोवर ती गावी परत गेली आहे आणि माझं जुनं डायलचं बीपीचं यंत्र सोबत घेऊन गेली आहे. जायच्या आधी मी तिला शिकवलं. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर, हात छातीच्या पातळीत, माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, चहा-तंबाखू नुकतं घेतलेलं नको. हवा हळूहळू सोडायची, पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज पूर्ण बंद झाला तो खालचा. पहिले काही दिवस तिला ठोके ऐकूच येईनात. काटा खाली येताना हलायचा त्यावरून ती अंदाज सांगायची, आणि मी तिला डोळे मिटून ऐकायला लावायचे. गावी गेल्या गेल्या तिनं बापावर हात साफ करून घेतला. त्याचं बीपी जन्मात कुणी मोजलं नव्हतं. १६८ वर १०४ आलं. तिला वाटलं आपलंच चुकलं. थांबून पुन्हा मोजलं, दुसऱ्या हातावर मोजलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं, तेवढंच. भाऊ म्हणत होता, मला काही होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, उगं यंत्र बिघडलं असंल. हिनं सगळे आकडे तारीख-वेळेसकट लिहून कागद त्याच्या खिशात घातला आणि सोमवारी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तो कागद वाचला, स्वतः मोजलं आणि गोळी चालू केली. आता भाऊ मला फोन करून तक्रार करतो की आक्का, ही मला खर्डा खाऊ देत नाही, लोणच्याची बरणी लपवून ठेवली आहे. मी त्याला विचारते, गोळी रोज घेतोस का? तर तो म्हणतो, न घेऊन कुणाला सांगतो, ती रोज वहीत लिहायलीय.